सरपणाची गोळी आणि धुराचा हिशेब

लाकडाचा भुसा दाबून केलेले पेलेट हे इंधन ओल्या सरपणापेक्षा कितीतरी चांगले आहे. पण ‘चांगले’ आणि ‘स्वच्छ’ यांत अंतर असते. युरोपने ते पैसा, जंगल आणि काही जीव गमावून मोजले. आपण ते आधीच समजून घ्यायला हवे.

ओले लाकूड धुमसते आणि वाळलेले लाकूड जळते, हे चुलीपुढे आयुष्य काढलेल्या कोणालाही शिकवावे लागत नाही. पावसाळ्याआधी सरपण फोडून पडवीत रचून ठेवण्याची पद्धत याच शहाणपणातून आली. पेलेट या इंधनामागचे शास्त्र पाहिले तर तेच शहाणपण कारखान्यात नेऊन बसवलेले दिसते. युरोपातील लाखो घरे हिवाळ्यात या इंधनावर उबदार राहतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी घरे तापवावी लागत नाहीत. पण आंघोळीचे पाणी, वसतिगृहांची आणि हॉटेलांची स्वयंपाकघरे, बेकऱ्यांच्या भट्ट्या, छोट्या कारखान्यांचे बॉयलर यांना उष्णता लागतेच. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बिघडलेल्या हवेविषयी सुनावणी करताना, लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्या व तत्सम भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा अन्य हरित इंधनावर नेण्याचा आदेश दिला. ‘हरित इंधन’ हा शब्द एकदा आला की पेलेट त्यात बसते का, हा प्रश्न आज ना उद्या इतर शहरांपुढेही येणार. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पेलेट कशाच्या जागी येणार आहे, ते कशापासून बनले आहे आणि कशात जळणार आहे, या तीन गोष्टी कळल्याशिवाय ते देऊही नये.

आधी हे इंधन काय आहे ते पाहू. जनावरांना घालतात ती गोळीपेंड ज्यांनी पाहिली आहे त्यांना पेलेट ओळखायला वेळ लागणार नाही. सॉ मिलमध्ये पडलेला भुसा वाळवायचा, बारीक करायचा आणि भोके पाडलेल्या पोलादी साच्यातून प्रचंड दाबाने बाहेर काढायचा. दाबाने आणि घर्षणाने भुसा तापतो, लाकडात मुळातच असलेले लिग्निन हे द्रव्य मऊ होते आणि गार झाल्यावर तेच डिंकाचे काम करते. वेगळा गोंद लागत नाही. तयार होतात त्या ६ किंवा ८ मिलिमीटर जाडीच्या, बोटाच्या पेरापेक्षा फार मोठ्या नसलेल्या, गुळगुळीत आणि टणक कांड्या. युरोपात घरगुती वापराच्या सर्वोत्तम प्रतीसाठी ओलावा १० टक्क्यांच्या आत आणि राख ०.७ टक्क्यांच्या आत असावी लागते. किलोमागे किमान ४.६ किलोवॉट-तास, म्हणजे वीजबिलातील ४.६ युनिटइतकी उष्णता मिळावी लागते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. त्याच्या किलोमागे मिळणाऱ्या उष्णतेच्या दुप्पट उष्णता एक किलो पेलेट देते. आपल्या ओळखीच्या मापात सांगायचे तर घरगुती गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता असते, तेवढ्यासाठी सुमारे ४० किलो पेलेट लागते.

कोरडेपणाचा संबंध धुराशी कसा, हेही समजून घेण्यासारखे आहे. लाकूड तापवले की त्याच्या कोरड्या वजनाचा बहुतांश भाग आधी वायूंच्या रूपाने बाहेर पडतो आणि मग ते वायू ज्वाळेत जळतात. आपण ज्याला धूर म्हणतो तो बराचसा न जळलेल्या वायूंचा, डांबरी थेंबांचा आणि काजळीचा असतो. लाकूड ओले असेल तर आगीची उष्णता आधी पाण्याची वाफ करण्यात जाते, ज्वाळेचे तापमान उतरते आणि वायू जळण्याआधीच धुराड्याची वाट धरतात. त्यातच ओंडके लहानमोठे असतील, हवा कधी कमी कधी जास्त मिळत असेल, तर आग एकसारखी राहत नाही. पेलेटमध्ये यातील निम्मी भांडणे आधीच मिटलेली असतात. प्रत्येक कांडी सारख्याच आकाराची आणि सारखीच कोरडी असल्याने मिनिटाला किती इंधन पडावे आणि त्याला किती हवा मिळावी, हे यंत्राला ठरवता येते. १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर अमेरिकेत आणि युरोपात अशी यंत्रे विकसित झाली. वर पेलेटची टाकी, खाली फिरता स्क्रू, जळण्यासाठी छोटे भांडे, हवेसाठी पंखा आणि हे सारे सांभाळणारे नियंत्रक. चूल फुंकत बसणाऱ्या बाईचे काम तिथे पंखा करतो.

याचा परिणाम मोजता येतो. १ जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या घरगुती शेगड्यांना सूक्ष्मकणांची मर्यादा लागू झाली. ओंडके जाळणाऱ्या बंद शेगडीला घनमीटर धुरामागे ४० मिलिग्रॅमची मुभा आहे, तर पेलेटच्या शेगडीला २० मिलिग्रॅमची. म्हणजे कायद्यानेच पेलेटकडून निम्म्या धुराची अपेक्षा धरली. जुन्या, उघड्या चुलींशी तुलना केली तर फरक आणखी मोठा. ज्या घरात बाई रोज काही तास धुरात बसते, त्या घराच्या दृष्टीने ही सुधारणा किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुरामुळे २०२० मध्ये जगात ३२ लाख लोक दगावले. त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक मुले होती. पक्षाघात, हृदयविकार, फुप्फुसांचा जुनाट आजार, फुप्फुसांचा कर्करोग आणि मुलांमधील न्यूमोनिया हे या धुराचे मुख्य मार्ग.

पण २० मिलिग्रॅम म्हणजे शून्य नव्हे. गॅसच्या ज्योतीतून निघणारे सूक्ष्मकण त्यापुढे नगण्य असतात, आणि सौर बंबातून काहीच निघत नाही. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतील नव्या यंत्राचे. शेगडी पेटवताना आणि विझवताना सर्वाधिक धूर होतो. राख साचलेले भांडे, कुचकामी पंखा, भुगा झालेले पेलेट यांमुळे तोच धूर पुन्हा वाढतो. पोलंडमधील क्राकोव शहराने म्हणूनच वेगळा रस्ता धरला. हिवाळ्यातील दाट धुरक्याला कंटाळलेल्या या शहराने १ सप्टेंबर २०१९ पासून घरे तापवण्यासाठी कोळसा आणि लाकूड दोन्ही जाळण्यास बंदी घातली आणि पेलेटलाही त्यातून वगळले नाही. दुसरीकडे कॅनडातील मॉन्ट्रियलने ऑक्टोबर २०१८ पासून तासाला २.५ ग्रॅमपेक्षा कमी सूक्ष्मकण सोडणाऱ्या प्रमाणित शेगड्यांनाच परवानगी ठेवली. दोन्ही शहरांना हवा सुधारायची होती. दाट वस्तीत हजारो धुराडी एकत्र आली की प्रत्येकाचा ‘थोडासा’ धूर मिळून किती होतो, याचा हिशेब दोघांनी आपापल्या परीने मांडला.

म्हणून पहिला प्रश्न ‘कशाच्या जागी’ हा. ओले सरपण, कोळसा किंवा जुन्या फर्निचरचे भंगार लाकूड जिथे जळते, तिथे चांगले पेलेट हे पुढचे पाऊल आहे. भंगार लाकडावरचा रंग, पॉलिश आणि प्लायवूडमधील गोंद जळून जी विषारी रसायने हवेत जातात, तीही त्यामुळे टळतात. मात्र जिथे गॅस पोहोचला आहे, जिथे छतावर सौर बंब बसू शकतो, तिथे पेलेट हे मागचे पाऊल ठरते. हे इंधन तेच आणि शेगडीही तीच. ते कोणाला हटवते त्यावर त्याचे गुणदोष ठरतात. ‘हरित’ हा शिक्का इंधनाच्या पोत्यावर मारून हा फरक पुसला जाऊ नये.

आरोग्याचा दुसरा धोका धुराचा नाही आणि तो फारसा कोणाला ठाऊकही नाही. पेलेट न पेटवताच, नुसते साठवून ठेवले तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. लाकडातील स्निग्ध द्रव्यांचा हवेतील ऑक्सिजनशी सावकाश संयोग होतो आणि त्यातून हा वायू तयार होतो. ताज्या पेलेटमध्ये, पहिल्या काही आठवड्यांत, तो जास्त. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माल वाहणाऱ्या जहाजांच्या तळघरांत आणि मोठ्या कोठारांत यामुळे माणसे मेल्याचे आधी माहीत होते. २०१२ मध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जर्मनभाषक देशांतील दोन मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही घरगुती इंधनाच्या कोठ्यांतील होते. त्यांतील एक स्त्री चार महिन्यांची गरोदर होती. एका कोठीत हवेच्या दहा लाख भागांत ७,५०० भाग कार्बन मोनॉक्साइड सापडला. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी बहुतेक देश २० ते ५० भागांची मर्यादा मानतात. तज्ज्ञांनी मग ३० किलो ताजे पेलेट हवाबंद डब्यांत १६ दिवस ठेवून पाहिले, तर प्रत्येक डब्यात ३,१०० ते ४,७०० भाग वायू जमला. नियमाप्रमाणे वायुविजन केल्यावरही कोठीतील वायू पुरेसा उतरला नव्हता, हा त्यांचा अधिक गंभीर निष्कर्ष.

बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे गुदमरून झालेले मृत्यू आपल्याला अपरिचित नाहीत. पेलेटची कोठी त्याच जातीची आहे; फरक इतकाच की इथे ज्योतही पेटलेली नसते, त्यामुळे सावध होण्याचे काही कारणच दिसत नाही. हॉटेलच्या तळघरात किंवा वसतिगृहाच्या मागच्या खोलीत टनाटनाने पेलेट साठवायचे असेल तर बाहेरच्या हवेशी थेट जोडलेल्या झडपा, दारावर ठळक सूचना, आत जाण्यापूर्वी वायू मोजणारे उपकरण आणि एकट्याने आत न शिरण्याचा नियम या गोष्टी इंधनाच्या किमतीतच धरायला हव्यात. वर्षाला २०,००० युनिट उष्णता लागणाऱ्या युरोपीय घरालाही चार टनांहून अधिक पेलेट लागते. एखाद्या मध्यम हॉटेलचा साठा याहून लहान असण्याचे कारण नाही. पोती उचलणारा कामगार हा या साखळीतील सर्वांत कमी माहिती असलेला माणूस असतो आणि कोठीत आधी तोच शिरतो.

तिसरा प्रश्न ‘कशापासून’ हा. लाकूड जाळले तरी झाड पुन्हा वाढून तेवढाच कार्बन शोषते, म्हणून हे इंधन कार्बनच्या दृष्टीने निरुपद्रवी, असे सांगितले जाते. धुराड्यापाशी मोजले तर चित्र वेगळे दिसते. एक गिगाज्यूल उष्णतेसाठी लाकडातून सुमारे ११२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, दगडी कोळशातून सुमारे ९५ आणि नैसर्गिक वायूतून ५६ किलो. लाकडाची बाजू सावरते ती झाडाच्या पुन्हा वाढण्यावर. सॉ मिलचा भुसा नाहीतरी काही वर्षांत कुजून कार्बन सोडणारच होता, त्यामुळे तो जाळण्यात फारसा तोटा नाही. ऑस्ट्रियासारख्या देशात पेलेट मुख्यतः अशा भुशाचे असते. पण मागणी भुशापेक्षा वाढली की उभे झाड कापावे लागते. आज जाळलेल्या झाडाचा कार्बन नव्या रोपाने परत घ्यायला अनेक दशके लागतात, आणि हवामानाच्या संकटाने आपल्याला तेवढी दशके दिलेली नाहीत. इंग्लंडमधील सेल्बीजवळचे ड्रॅक्स वीजकेंद्र कोळशाऐवजी वर्षाला लाखो टन लाकडी पेलेट जाळते. त्यातील मोठा वाटा अमेरिकेच्या आग्नेय भागातील जंगलांतून समुद्रमार्गे येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये पाचशेहून अधिक शास्त्रज्ञांनी अमेरिका, युरोपीय संघ, जपान आणि दक्षिण कोरियाच्या नेत्यांना पत्र लिहून वीज आणि उष्णतेसाठी झाडे जाळण्याला उत्तेजन देऊ नका, असे बजावले, ते याच कारणासाठी.

उत्तेजन चुकले तर काय होते, याचा सर्वांत बोलका धडा उत्तर आयर्लंडने घालून दिला. तिथल्या सरकारने नोव्हेंबर २०१२ मध्ये व्यावसायिकांनी तेल-वायू सोडून पेलेटसारख्या इंधनाकडे वळावे म्हणून अनुदान योजना आणली. पेलेटच्या किमतीपेक्षा अनुदान जास्त ठरले, आणि ब्रिटनमधील मूळ योजनेत असलेली, ठरावीक तासांनंतर दर उतरवण्याची तरतूद इथे ठेवलीच गेली नाही. एक पाउंड खर्चून पेलेट जाळावे आणि १.६० पाउंड मिळवावेत, असा व्यवहार जमला. जितके जाळाल तितका नफा, मग उष्णता लागो वा न लागो. करार वीस वर्षांचे होते आणि जादा खर्चाचा अंदाज ४९ कोटी पाउंडांपर्यंत गेला. लोकांनी या प्रकरणाला ‘राखेसाठी रोख’ असे नाव दिले. जानेवारी २०१७ मध्ये उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनिस यांनी राजीनामा दिला, सरकार कोसळले आणि पुढची तीन वर्षे तिथे निर्वाचित सरकारच नव्हते. मार्च २०२० मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने भ्रष्ट हेतूपेक्षा एकावर एक साचलेल्या चुकांना आणि दुर्लक्षाला जबाबदार धरले. ही गोष्ट अनुदानाचा शासन निर्णय लिहिणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावी अशी आहे. अनुदान जाळलेल्या इंधनावर देऊ नये. धूर किती कमी झाला आणि जुनी भट्टी खरोखर बंद झाली का, यावर द्यावे.

भाव हाही आरोग्याचाच विषय आहे, कारण इंधन महागले की माणूस मागच्या इंधनाकडे परततो. युक्रेनवरील आक्रमणानंतर जुलै २०२२ पासून युरोपीय संघाने रशियन लाकडाची आयात बंद केली. त्याच काळात वायूच्या टंचाईने घाबरलेल्या लोकांनी पेलेटवर उड्या घेतल्या. जर्मनीत आदल्या वर्षीच्या सरासरीच्या तुलनेत भाव तिपटीवर गेला आणि सप्टेंबरमध्ये टनाला ७०० युरोच्या पुढे पोहोचला. स्वस्त, स्थानिक आणि भरवशाचे म्हणून घेतलेले इंधन एका उन्हाळ्यात तिन्ही गुण गमावून बसले.

यासाठी युरोपपर्यंत जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्राने हा अनुभव आधीच घेतला आहे. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने बीपी या तेल कंपनीने ‘ऊर्जा’ नावाची छोटी, पंख्याची शेगडी तयार केली होती. पुढे २००९ मध्ये पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीने हा व्यवसाय आपल्याकडे घेतला. चार लाखांहून अधिक शेगड्या विकल्या गेल्या, त्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटकातील ग्रामीण घरे मोठ्या संख्येने होती. शेगडी चांगली होती. चुलीच्या मानाने धूर फारच कमी आणि स्वयंपाकही वेगाने होई. गाडी अडली ती इंधनापाशी. शेतातील ज्या टाकाऊ मालापासून पेलेट बनत होते, त्याला कारखान्यांच्या बॉयलरकडून मागणी आली, कच्चा माल महागला, पेलेटचा भाव वाढला आणि घरोघरच्या गृहिणींनी ही शेगडी कोपऱ्यात ठेवून पुन्हा चूल पेटवली. फुकटात मिळणाऱ्या सरपणाशी विकतच्या पेलेटची स्पर्धा होती आणि त्यात ती हरली. कंपनीनेही मग हॉटेले आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे मोर्चा वळवला. ‘टाकाऊ’ म्हणवला जाणारा माल मागणी येताच टाकाऊ राहत नाही, हा या कथेचा अर्थ.

आज तर त्या मालाचे गिऱ्हाईक आणखी मोठे आहे. केंद्राच्या धोरणानुसार औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशात ठरावीक प्रमाणात बायोमास पेलेट मिसळायचे आहे. उत्तरेत भाताचा पेंढा शेतात जाळला जातो, तो असा वापरला जावा हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. आपल्याकडे पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट, भाताचे तूस असा माल आहे. पण लाकडाचे पेलेट आणि शेतमालाचे पेलेट एकाच मापाने मोजता येत नाही. उत्तम लाकडी पेलेटची राख एक टक्काही नसते. भाताच्या तुसात ती पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. पेंढ्यातील पोटॅश आणि क्लोरीनमुळे राख कमी तापमानाला वितळून भट्टीत तिचे खडे बनतात, हवेची भोके बुजतात आणि पुन्हा तोच धूर. मोठ्या वीजकेंद्राला धूळ पकडणारी यंत्रणा असते. बेकरीच्या किंवा गल्लीतल्या हॉटेलच्या धुराड्यावर ती नसते. जे इंधन वीजकेंद्रात चालेल ते वस्तीतल्या भट्टीत चालेलच, असे गृहीत धरता येत नाही.

त्यातच आपले हवामान. पेलेट पाण्यात टाकले तर काही मिनिटांत फुगून त्याचा पुन्हा भुसा होतो. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या पोत्यातील माल ओलावा धरतो, कांड्या सुटतात आणि कारखान्यातून दहा टक्क्यांच्या आत ओलावा घेऊन निघालेले इंधन भट्टीपर्यंत येताना ओल्या भुशाच्या जवळ पोहोचलेले असते. पंख्याला वीज लागते. ती गेली की हवा बंद आणि भांड्यातले इंधन धुमसत राहते. या अडचणी सोडवता येण्यासारख्या आहेत. पण त्या सोडवल्या आहेत की नाही, हे कोणीतरी पाहायला हवे.

म्हणून आमचे म्हणणे असे की पेलेटला सरसकट बंदी नको आणि सरसकट परवानाही नको; अटी हव्यात, आणि त्या कागदापुरत्या नकोत. घरगुती स्वयंपाकासाठी सरकारने गॅसचा सिलिंडर पुन्हा भरून घेणे गरीब घराला परवडेल, याचीच चिंता करावी. तिथे पेलेटचा पर्याय पुढे करून जबाबदारी टाळू नये. आंघोळीच्या पाण्यासाठी, वर्षातले बहुतेक महिने ऊन असलेल्या या राज्यात, आधी सौर बंबाचा विचार व्हावा. पेलेटची जागा उरते ती ज्या भट्ट्या आणि बॉयलर आज लाकूड, कोळसा किंवा भंगार जाळतात आणि जिथे गॅसची नळी अजून पोहोचलेली नाही, तिथे. अशा ठिकाणी विक्रेत्याने पोत्यावर कच्चा माल, ओलावा, राख आणि उष्णता छापावी आणि त्याची अधूनमधून तपासणी व्हावी. भट्टी पेलेटसाठीच बनवलेली असावी. ओंडक्यांच्या जुन्या भट्टीत पेलेटची पोती रिकामी करण्याला सुधारणा म्हणू नये. धुराड्यातील सूक्ष्मकणांची मोजणी परवान्यापूर्वी एकदा आणि नंतर दरवर्षी व्हावी. साठवणीच्या खोलीचे नियम अग्निशमन दलाने तपासावेत आणि त्यांत कार्बन मोनॉक्साइडचा उल्लेख नावानिशी असावा. कच्चा माल पंचक्रोशीतला, खरोखर उरलेला असावा. त्यासाठी झाड तोडले गेले तर सवलत मिळू नये.

बेकरीवाल्यांची बाजूही यात विसरता कामा नये. लाकडाच्या भट्टीवर पिढ्यान् पिढ्या पाव भाजणाऱ्या माणसाला सहा महिन्यांत नवे इंधन घ्या म्हणणे सोपे आहे. नवी भट्टी, गॅसची जोडणी, साठवणीची जागा यांचा खर्च त्याच्या पावाच्या किमतीत सहज मावत नाही. कर्ज आणि तांत्रिक मदत मिळाली नाही तर तो जे सर्वांत स्वस्त ‘हरित’ म्हणून विकले जाईल ते घेईल. मग वाईट पेलेट, जुनी भट्टी आणि कागदावर मात्र नियमपालन, अशी अवस्था होईल. शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या दम्याच्या रुग्णाला त्या कागदाचा उपयोग नाही.

भारतात वर्षाच्या सरासरीने हवेत घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम अतिसूक्ष्मकण चालतील असे आपले मानक सांगते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस ५ मायक्रोग्रॅमची आहे. आपली बहुतेक मोठी शहरे ही आपली सैल मर्यादाही अनेकदा ओलांडतात. अशा हवेत कोणतेही नवे इंधन आणताना त्याच्या जाहिरातीतील विशेषणे बाजूला ठेवून दोनच आकडे मागावेत. आधीच्या इंधनाने या धुराड्यातून किती कण सोडले, आणि हे किती सोडते? दुसरा आकडा पहिल्याच्या मानाने खूप लहान असेल आणि वर्षभर तसाच राहत असेल, तर पेलेटचे स्वागत करायला काहीच हरकत नाही. आकडेच नसतील, तर तो परवाना थांबवावा.